कार्ट्रिज फोडून बाजूला टाकी लावावी का? (घरच्या प्रिंटरचा खर्च)

दौतटाक · रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

घरात दोन शाळकरी मुलं, बायको शिकवण्या घेते आणि वडील (वीज मंडळातून निवृत्त) यांना मोबाइलवर आलेलं प्रत्येक स्तोत्र कागदावर लागतं. महिन्याला सगळी मिळून १४०-१५० पानं होतात. तीन वर्षांपूर्वी सेलमध्ये अडीच हजारांना कार्ट्रिजवाला ऑल-इन-वन घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

काळं कार्ट्रिज ९०० रुपये. त्यात माझी जेमतेम १५० पानं निघतात. म्हणजे पानाला सहा रुपये आणि कागद वेगळा. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तेच पान तीन रुपयांत देतो! त्यात आमचं यंत्र सकाळी चालू केलं की दोन मिनिटं नुसतं घरघरतं आणि दर पंधरा दिवसांनी अक्षरांवर पांढऱ्या रेघा येतात. मग हेड क्लीनिंग (छापणारं डोकं शाई सोडून साफ करायची प्रिंटरची सोय), परत रेघा, परत क्लीनिंग.

इथला एक मेकॅनिक म्हणतो, १२०० रुपयांत कार्ट्रिजला भोकं पाडून नळ्या जोडतो, बाजूला चार रंगांची टाकी ठेवतो, "साहेब, मग आयुष्यभर बघायला नको". कोणी केलंय का हे? की सिरिंजने शाई भरणं बरं? की सरळ भंगारात देऊ?

तज्ज्ञांनीही लिहा आणि हात पोळलेल्यांनीही लिहा.

रिकामटेकडा · ९:४६

वडिलांना स्तोत्रं पाठ करायला सांगा. शाई शून्य, पुण्य जास्त.

मीनल_प · १०:२०

मी चार वर्षं सिरिंजने भरतेय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

मेडिकलमधून ५ मिलीची सिरिंज आणायची. शाईची १०० मिलीची बाटली माझ्याकडे २०० ला मिळते. ओट्यावर काम करू नका, मोरीत बसा, खाली जुनी वर्तमानपत्रं. कार्ट्रिजच्या वरचं लेबल नखाने सोललं की भोक दिसतं. आत स्पंज असतो. सुई स्पंजाच्या मध्यापर्यंत घालायची आणि अगदी हळू, मोजून ४ मिली. घाई केली की शाई स्पंजात न मुरता वरून फसफसून येते. भोकाशी शाई दिसायला लागली की थांबून थोडी मागे ओढून घ्यायची. मग खालची सोनेरी पट्टी ओल्या टिश्यूवर हलकेच टेकवायची. काळी, सलग, स्वच्छ रेघ उमटली की जमलं. वरून सेलोटेप घट्ट चिकटवू नका हं. हवा आत गेली नाही तर शाई खाली उतरत नाही, दहा पानांनी छपाई बंद पडते आणि आपण कार्ट्रिज गेलं म्हणून रडत बसतो.

रंगीत कार्ट्रिजला तीन भोकं असतात आणि कुठल्या भोकात कुठला रंग हे वर लिहिलेलं नसतं. आधी टूथपिक बुडवून बघायची, दर वेळी नवी. हे ज्ञान मला किरमिजी शाई पिवळ्याच्या कप्प्यात भरल्यावर झालं. लेकीच्या 'आपली फळे' प्रकल्पात केळी लालभडक आली आणि झाडांची पानं जांभळी. बाईंनी खाली "छान कल्पकता" असा शेरा दिला.

एक कार्ट्रिज माझ्याकडे पाच-सहा वेळा भरलं जातं, मग फिकट यायला लागतं. हिशेब असा: पहिली १५० पानं, नंतर सहा भरण्यांत १३०-१३० धरली तर एकूण ९३०. खर्च ९०० अधिक शाईचे पन्नासेक रुपये. पान साधारण एक रुपयात पडतं. कागदाचे साठ पैसे वेगळे.

खडूस_काका · १०:३५

आणि मोरी घासायचे किती?

मीनल_प · १०:३७

काका, मोरी नवरा घासतो. तो खर्च धरला नाही.

कोकणी_मेवा · सोमवार, सकाळी ७:१०

पोळलेल्यांनी लिहा म्हटलंत म्हणून लिहितो.

आम्ही २०१३ साली टाकी लावली होती. मेकॅनिकने कार्ट्रिजच्या डोक्यावर भोक पाडून रबरी बूच बसवलं, त्यात एल आकाराची नळी, तिथून चार बारीक सिलिकॉनच्या नळ्यांची पट्टी बाहेर काढून टाकीला. पहिला महिना स्वर्ग. कोण आलं तरी "काय छापायचं असेल ते सांगा", असं मी म्हणायचो.

मग टेबलावर जागा हवी म्हणून सौ.ने टाकी उचलून वरच्या फळीवर ठेवली. मेकॅनिकने "टाकी टेबलावरच असू दे" एवढंच सांगितलं होतं, का ते सांगितलं नव्हतं. सकाळी उठून बघतो तर प्रिंटरच्या पोटातून चारही रंग एक होऊन टेबलावरून फरशीवर. दुधवाला दारातून आत बघून म्हणाला, "काय झालं हो इथं?" त्या पांढऱ्या फरशीच्या सांध्यांत तो जांभळा अजून आहे. मतदानाची शाई दोन-तीन आठवड्यांत जाते, ही दहा वर्षं झाली.

टोनरभाऊ · ९:०५

मी या धंद्यात आहे, सतरा वर्षं. मेकॅनिकची बाजू मांडतो आणि थोडं त्याच्याविरुद्धही बोलतो.

पहिलं म्हणजे मेवा यांचं काय झालं. टाकी आणि कार्ट्रिज नळीने जोडली की ती दोन भांडी जोडल्यासारखीच. टाकी वर गेली की शाई आपणहून खाली वाहते आणि नोझलमधून, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या बारीक छिद्रांमधून, ठिबकते. टाकी खूप खाली ठेवली तर उलटं, शाई मागे ओढली जाते आणि नळीत हवा शिरते. म्हणून टाकीचं बूड आणि प्रिंटरचं बूड एकाच टेबलावर. शिवाय टाकीला दोन भोकं असतात, एक भरायचं आणि एक हवेचं. छापताना हवेचं उघडं हवं, प्रिंटर हलवताना बंद. भरायचं बूच एरवी कायम घट्ट.

दुसरं, प्रिंटरमध्ये छापणारं डोकं कुठे आहे ते बघा. एचपीच्या ८०२, ८०३, ६८० किंवा कॅननच्या ७४५-७४६ या कार्ट्रिजांत डोकं कार्ट्रिजलाच असतं. बिघडलं तर नवं कार्ट्रिज, विषय संपला. एप्सनमध्ये डोकं प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं असतं, ते चोंदलं की खर्च मोठा. म्हणून पहिल्या प्रकारात प्रयोग करायला हरकत नाही.

पण डोकं कार्ट्रिजला असणारी ही यंत्रं शाई तापवून उडवतात. आत सूक्ष्म हीटर असतात आणि त्यांना गार ठेवायचं कामही शाईच करते. शाई संपली आणि तुम्ही "अजून दोन पानं निघतील" म्हणून छापत राहिलात की हीटर जळतो. मग वरून कितीही शाई ओता. पान फिकट झालं की थांबायचं आणि भरायचं. मीनलताईंची कार्ट्रिजं सहा वेळा चालतात ती त्यामुळेच असणार.

ऑल-इन-वनला टाकी लावण्यातली खरी कटकट नळ्यांची असते. वर स्कॅनर असतो, त्यामुळे झाकण मिटलं की नळी चेपते. आखूड ठेवली तर कार्ट्रिज घेऊन फिरणारी गाडी डाव्या टोकाला जाताना ताणते आणि लांब ठेवली तर अडकते. मी स्वतः आता कार्ट्रिजवाल्यांना टाकी लावून देत नाही. वर्षभरात दहा वेळा बोलावतात आणि दहाही वेळा फुकट जावं लागतं.

परदेशी_पाव · ९:५०

टोनरभाऊ, झकास. थोडी भर घालतो.

ही टाकीची कल्पना कंपन्यांची नव्हे, गल्लीतल्या मेकॅनिकांचीच. आशियात लोक एप्सनच्या प्रिंटरला बाहेरून टाक्या लावत होते, ते बघून कंपनीने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःचा टाकीवाला प्रिंटर काढला. नंतर कॅनन, एचपी, ब्रदर सगळे त्याच वाटेने गेले. आज दुकानात 'इंक टँक' म्हणून मिळतो तो आपल्या जुगाडाचाच शहाणा मुलगा.

इकडे अमेरिकेत तर भरलेल्या कार्ट्रिजवरून थेट सुप्रीम कोर्टात खटला गेला. लेक्समार्कची रिकामी टोनर कार्ट्रिजं भरून विकणाऱ्या इंप्रेशन प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीवर पेटंटचा दावा होता. मे २०१७ मध्ये निकाल लागला: एकदा वस्तू विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला, घेणाऱ्याने तिचं काय करायचं ते तो बघेल.

खडूस_काका · १०:०२

म्हणजे मोरीत बसून शाई भरणं हा आता मूलभूत हक्क आहे.

एकलव्य८२ · १०:१५

एक बाळबोध शंका. पेनात भरायची शाई नाही का चालत? पन्नास रुपयांत मोठी दौत येते.

टोनरभाऊ · १०:२२

नाही. पेनाच्या निबेला जी शाई चालते ती केसाहून बारीक नोझलला चालेलच असं नाही. पुन्हा तापवल्यावर खाली काय साका बसेल ते कोण सांगणार? इंकजेटची शाईसुद्धा एकसारखी नसते. कार्ट्रिजांतली काळी बहुतेक वेळा पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांची असते (म्हणून पाणी पडलं तरी अक्षर फारसं पसरत नाही) आणि रंगीत डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची. बाटली घेताना दुकानदाराला मॉडेल सांगून घ्या. डायच्या डोक्यात पिगमेंट घातली की चोंदलंच समजा.

एकलव्य८२ · १०:२४

शंका विचारायला एक दिवस उशीर झाला.

टोनरभाऊ · १०:२५

🙏

अनुस्वार · दुपारी १:३०

यंत्राची चिरफाड करण्याआधी फुकटातलं काही केलंय का?

छापताना फक्त 'ग्रेस्केल' निवडलं तर बरेच प्रिंटर काळ्यात रंगीत शाई मिसळतात. त्याच्या खाली 'फक्त काळी शाई' असा पर्याय असतो, तो निवडा. आणि घरच्या वापराला ड्राफ्ट. मुलांच्या सरावाच्या पत्रिका फिकट आल्या तरी गणितं तीच राहतात.

दुसरं अक्षरांचं. २०१४ मध्ये अमेरिकेत एका शाळकरी मुलाने गॅरामंड हा टंक वापरला तर सरकारची कोट्यवधी डॉलरची शाई वाचेल असा हिशेब मांडून खळबळ उडवली होती. नंतर जाणकारांनी दाखवलं, की तो टंक त्याच मापात मुळातच लहान दिसतो, बचत त्याची आहे. आपल्याकडे तोच प्रयोग मंगल आणि कोकिळा हे देवनागरी टंक घेऊन करून बघा. १२ मापात कोकिळा एवढी बारीक येते, की शाई वाचते आणि डोळे जातात.

रिकामटेकडा · १:४१

शिरोरेषाच काढून टाकली तर? गुजराती मंडळींनी व्यवहार बघूनच काढली असणार.

अनुस्वार · १:४८

मोडीत तर आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला अक्षरं टांगायची. ती मंडळी शाई घरी करायची, म्हणून चैन परवडली.

मीनल_प · १:५५

धागाकर्त्याचं नावच दौतटाक आहे, त्यांनी टाकानेच लिहावं. धागा संपला.

खडूस_काका · संध्याकाळी ६:१५

गंमत पुरे. माझं म्हणणं साधं आहे. महिन्याला १५० पानं म्हणजे झेरॉक्सवाल्याकडे ४५० रुपये. पाय मोकळे होतात, चार माणसं भेटतात, कार्ट्रिज नाही, मोरी नाही, हेड क्लीनिंग नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला कशाला?

कोकणी_मेवा · ६:४०

काका, आमच्याकडे झेरॉक्सवाला चार किलोमीटरवर आहे, आणि जुलैत तिथून पान घरी येईपर्यंत लगदा होतो. घरातसुद्धा कागद ओलसर होऊन दोन-दोन ओढले जातात. मी रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवतो.

पडवळ · रात्री ८:३०

जास्त छापत असाल तर लेझर घ्या की. आमच्या ऑफिसात एचपी १०२० आहे, १२ए टोनर, पूड भरून भरून किती वर्षं चालतोय याची मोजदाद नाही. पूड महिनाभर पडून राहिली तरी सुकत नाही.

दौतटाक · ९:१०

सगळ्यांचे आभार. पडवळ, मुलांना रंगीत लागतं, नाहीतर लेझरच घेतला असता. टाकी रद्द, मेवांच्या फरशीने निर्णय करून टाकला. काका, तुमचंही पटतं, पण रात्री साडेनऊला "उद्या चार्ट न्यायचाय" असं ऐकू येतं तेव्हा झेरॉक्सवाला बंद असतो.

सिरिंजच करतो. पण टोनरभाऊ, त्या पांढऱ्या रेघा? महिन्याला १५० पानं म्हणजे वापर काही कमी नाही. तरी डोकं का सुकतं? क्लीनिंगलाच अर्धं कार्ट्रिज जात असेल.

टोनरभाऊ · ९:२५

मला तुमच्या पहिल्या पोस्टमधली घरघर खटकली होती. रोज सकाळी दोन मिनिटं?

प्रिंटर बंद कसा करता? त्याच्या स्वतःच्या बटणाने की भिंतीवरच्या खटक्याने?

दौतटाक · ९:३१

थांबा. विचारून सांगतो.

दौतटाक · ९:५२

तर मंडळी, चौकशीअंती उघड झालं ते असं.

तीर्थरूप दर वेळी पान बाहेर पडलं, की उठून भिंतीवरचा खटका बंद करतात. रोज. कधी कधी दिवसातून चार वेळा. कारण विचारलं तर म्हणाले, "पस्तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो, वापर नसेल तेव्हा बटण बंद."

टोनरभाऊ · १०:०४

बघा! पान बाहेर पडल्यावर गाडी उजव्या कोपऱ्यात जाऊन बसते आणि तिथे रबरी झाकण खालून वर येऊन नोझलला चिकटतं. त्याला काही सेकंद लागतात. तेवढ्यात वीज गेली, की डोकं उघडंच राहतं, पेनाचं टोपण न लावल्यासारखं. रात्रभरात सुकतं. वर, असा मध्येच मेलेला प्रिंटर पुन्हा चालू झाला, की किती वेळ बंद होता हे त्याला कळत नाही, म्हणून बरीच यंत्रं आल्या आल्या सफाई करून घेतात. तीच तुमची घरघर. ती शाई कागदावर जात नाही, खाली स्पंजच्या गादीत जाते. १५० पानांचं गणित तिथेच मुरतंय.

आधी प्रिंटरचं बटण, दिवा विझू द्या, मग खुशाल खटका बंद करा. आठवड्यातून एक रंगीत पान छापा. रेघा आल्याच तर लगेच तीन-तीनदा क्लीनिंग मारू नका. बशीत कोमट डिस्टिल्ड पाणी, अगदी पातळ थर, त्यात कार्ट्रिजची फक्त नोझलची बाजू पाच-दहा मिनिटं टेकवा. तांब्याचे ठिपके असतात त्यांना पाणी लागू देऊ नका. टिपून परत लावा.

खडूस_काका · १०:१२

वडिलांचा सत्कार करा. तीन वर्षांत पंचवीस रुपयांची वीज वाचवली त्यांनी.

परदेशी_पाव · १०:३०

ती गादी भरली की पुढचं संकट येतं ना, टोनरभाऊ? माझ्या जुन्या प्रिंटरने एक दिवस अचानक संप पुकारला होता.

टोनरभाऊ · १०:४१

हो. यंत्र गादीत किती शाई गेली ते मोजत असतं आणि आकडा भरला की छपाई बंद. कॅननवर ५बी०० येतो, एप्सनवर शाईच्या पॅडचं आयुष्य संपल्याचा निरोप. गादी धुऊन किंवा बदलून आकडा शून्यावर आणावा लागतो. आम्ही काही यंत्रांना टाकाऊ शाईची नळी बाहेर काढून सलाइनच्या रिकाम्या बाटलीत सोडतो. आकडा शून्य करायची फुकट सॉफ्टवेअरं उतरवून घेऊ नका, प्रिंटर राहील बाजूला आणि कॉम्प्युटर माझ्याकडे येईल. गादी न बदलता नुसता आकडा शून्य करणाऱ्यांच्या टेबलाखाली काय होतं ते मेवांना विचारा.

दौतटाक · तीन महिन्यांनंतर, शनिवार दुपारी

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

जुनं कार्ट्रिज बशीत बसवूनही उठलं नाही, हीटर जळला असणार. नवं ९०० ला आणलं. पुढे मीनलताईंच्या पद्धतीने दोनदा भरलं. पहिल्या वेळी हात कोपरापर्यंत काळे आणि ऑफिसात सगळे विचारत होते. दुसऱ्या वेळी एक थेंब सांडला नाही. "कार्ट्रिज वापरलेलं आहे" असा निरोप पडद्यावर येतो, ओके म्हटलं की गुमान छापतो. शाईची पातळी कायम रिकामीच दाखवतो, तिकडे बघायचं सोडून दिलंय. आतापर्यंत ४१० पानं. घरघर तशी नाही, रेघा एकदाही नाहीत.

९०० कार्ट्रिज, ८ मिली शाई म्हणजे १६ रुपये, कागद साठ पैसे. पान पडलं २ रुपये ८३ पैशांना. काका, झेरॉक्सपेक्षा सतरा पैसे स्वस्त!

खडूस_काका · ३:०५

बाटली ८ मिलीची आणली होती का? २०० दिलेत ना? ९०० अधिक २०० अधिक कागदाचे २४६, झाले १३४६. झेरॉक्सवाल्याने ४१० पानं १२३० ला दिली असती. ११६ रुपये तोट्यात आहात. सिरिंज धरलेली नाही.

दौतटाक · ३:१२

बाटलीत ९२ मिली शिल्लक आहे आणि कार्ट्रिज अजून जिवंत आहे. सहाव्या भरणीला भेटू, काका.

मीनल_प · ३:२०

आणि वडील? खटका?

दौतटाक · ३:२६

त्यांनी स्वतःच पाटी करून खटक्याशेजारी चिकटवली: "प्रथम यंत्राचे बटण, दिवा विझेपर्यंत थांबणे, मगच हे." ७२ मापाचं ठळक अक्षर, लाल, आणि भोवती पानभर रंगीत वेलबुट्टी.

तीनदा छापली. पहिल्या दोनांत ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं.

पाटलीणबाई · रविवार, सकाळी ८:१५

धागा उत्तम, पूर्ण वाचला. माझ्या प्रिंटरवर कालपासून ५बी०० दिसतंय. टोनरभाऊ, सलाइनची बाटली कुठे मिळेल?